३५ काय? आंबे, रुपये की लिटर?



आपल्या वर्गातला नेहमीचा प्रसंग. गणित बरोबर सोडवलेलं, पण मुलानं उत्तरात नुसतं '३५' लिहिलेलं. आपण विचारतो, "३५ काय? आंबे, रुपये की लिटर?" आणि एकक नाही म्हणून अर्धा गुण कापतो.

मध्यंतरी सहावीतल्या एका मुलानं पायथनमध्ये हजेरीचा छोटा प्रोग्रॅम केला. मुलगे १८, मुली १७. एकूण उत्तर आलं १८१७! "सर, कॉम्प्युटरला बेरीजच येत नाही," तो म्हणाला.

चूक कुठे झाली? पायथनमध्ये 'इनपुट'ने घेतलेली प्रत्येक गोष्ट मजकूर म्हणून येते. त्यामुळे १८ आणि १७ या त्याच्यासाठी संख्या नव्हत्याच. त्याने दोन शब्द एकापुढे एक जोडले. पायथनमधलं व्हेरिएबल म्हणजे बिनलेबलचा डबा. आज त्यात संख्या ठेवा, उद्या नाव ठेवा, तो काही बोलत नाही.

या डब्याला लेबल लावायची सोय नंतर आली. २०१५ मध्ये पायथन ३.५ पासून फंक्शनसाठी आणि २०१६ मध्ये ३.६ पासून थेट व्हेरिएबलसाठीही. त्याला 'टाइप हिंट' म्हणतात. मुलगे ही संख्या आहे असं लिहिलं, की 'मायपाय'सारखं साधन प्रोग्रॅम चालवण्याआधीच सांगतं, "अरे, इथे तर मजकूर येतोय!" मात्र पायथन स्वतः हे लेबल तपासत नाही. नुसतं लेबल लावून मजकुराची संख्याही होत नाही. ते रूपांतर आपल्यालाच करावं लागतं.

काही जण म्हणतात, मुलांना पहिल्या दिवसापासून लेबलांची सक्ती करा. मला हे पटत नाही. पायथनचे जनक गुइडो व्हॅन रॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही आपल्या प्रस्तावात स्पष्ट लिहिलं होतं, की ही लेबलं सक्तीची करायचा त्यांचा इरादा नाही. पहिलीच्या मुलाकडून आपण एकक मागतो का? आधी त्याला मणी मोजू देतो, चुकू देतो.

पण लेबलं शिकवायचीच नाहीत, हेही चूक. प्रोग्रॅम चार ओळींचा असतो तेव्हा सगळं लक्षात राहतं. तो चारशे ओळींचा झाला, की कुठल्या डब्यात काय ठेवलंय हे लिहिणाऱ्यालाच आठवत नाही. म्हणून माझं मत असं, की मुलाला एकदा १८१७ दिसू द्या आणि मग लेबल द्या. तेव्हा ते त्याला नियम वाटत नाही, मदत वाटते.

खरं सांगू? मी इतकी वर्षं एककासाठी गुण कापत आलो, पण एकक कशाला हवं हे मुलांना कधी नीट दाखवलंच नाही. ते त्या १८१७ ने दाखवलं.

पालकहो, कोडिंग क्लासची फी भरण्याआधी एवढं जरूर विचारा: माझं मूल चुकलं, तर तुम्ही त्याला फक्त नियम सांगता, की चूक कुठे झाली ते त्यालाच शोधू देता?