थेंब डोळ्यात, धाप छातीत

काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब लोक वर्षानुवर्षं टाकतात. औषध स्वस्त, दाबही उतरतो. पण थेंबाचा बराचसा भाग डोळ्यात टिकत नाही. अश्रूंच्या नळीतून तो नाकात उतरतो आणि तिथल्या अस्तरातून सरळ रक्तात मिसळतो. गिळलेल्या गोळीला आधी यकृताच्या जकातनाक्यावरून जावं लागतं. या थेंबाला तेही चुकतं. रुग्णाला दमा असेल तर धाप लागायला एवढं पुरतं. वर पंचाईत अशी, की पंपातलं साल्ब्युटामॉल श्वासनलिकेतल्या ज्या बीटा-२ रिसेप्टरवर बसून आराम देतं, तीच जागा टिमोलॉलने आधी अडवलेली असते.

डोळ्यातही हाच रिसेप्टर आहे. थेंब लागू पडतात ते त्यामुळेच.

अ‍ॅड्रिनॅलिनच्या रिसेप्टरचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ साली मांडले. त्या कल्पनेच्या भरवशावर जेम्स ब्लॅक यांनी प्रोप्रॅनोलॉल हे बीटा-ब्लॉकर, म्हणजे टिमोलॉलसारखंच बीटा रिसेप्टर अडवणारं औषध घडवलं, पुढे नोबेलही मिळवलं. गंमत म्हणजे औषध बाजारात आलं तरी रिसेप्टर नावाची वस्तू खरोखर असते का, याबद्दल भल्याभल्यांना शंका होती. ती फेडली मूळचे हृदयरोगतज्ज्ञ असलेल्या रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांनी. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात त्यांच्या गटाने औषधाच्या रेणूला किरणोत्सारी खूण लावली, तो पेशीवर कुठे चिकटतो याचा माग काढला आणि पेशीच्या आवरणातून ते प्रथिन वेगळं केलं. १९८६ मध्ये त्याचं जनुक हाती आलं, तेव्हा ते डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या ऱ्होडॉप्सिनच्या कुळातलं निघालं: दोन्ही प्रथिनं आवरणातून सात वेळा आरपार जाणारी. या कामासाठी त्यांना आणि त्यांच्या गटात काम केलेल्या ब्रायन कोबिल्का यांना २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आजची सुमारे एक तृतीयांश औषधं याच कुळावर काम करतात.

म्हणजे औषधाला अवयव कळत नाही, रिसेप्टर कळतो. आपल्या चिठ्ठ्या मात्र अजून अवयवांची वाटणी करून लिहिल्या जातात. डोळ्यांच्या डॉक्टरांची फाइल वेगळी, छातीच्या डॉक्टरांची वेगळी. ‘कुठली औषधं चालू आहेत?’ असं विचारलं तर आजोबा रक्तदाबाची गोळी सांगतील, थेंब सांगणार नाहीत. थेंबाला औषध मानतंय कोण! माझ्या मते हा दोष आजोबांच्या माथी मारू नये. काचबिंदूच्या केसपेपरवर दम्याचा आणि दम्याच्या केसपेपरवर थेंबांचा प्रश्न छापलेलाच हवा. शाईखेरीज त्याला खर्च नाही.

तोवर थेंबाची बाटली आणि पंप दोन्ही डॉक्टरांपुढे ठेवा. बीटा-ब्लॉकर नसलेले, लॅटॅनोप्रोस्टसारखे थेंब मिळतात. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोनेक मिनिटं बोटाने दाबून धरला, तर औषध रक्तात कमी उतरतं. आपल्या मनाने मात्र काहीही बंद करू नका. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.