तिसरा रकाना आणि पुढची वाट

पोलीस भरतीच्या अर्जात स्त्री व पुरुष यांखेरीज तिसरा रकाना असावा, एवढ्या साध्या मागणीसाठी महाराष्ट्रातील तृतीयपंथीय उमेदवारांना न्यायासनापुढे उभे राहावे लागले. नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्याच्या प्रशासकीय न्यायाधिकरणाने ही मागणी मान्य केली, तर सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. नियमच नाहीत, ही सबब! नियम करणे ज्याचे कर्तव्य, त्यानेच त्यांच्या अभावाचा दाखला द्यावा, हा युक्तिवाद टिकणारा नव्हता. भरतीच थांबवू, असे न्यायालयाने डिसेंबरात सुनावले, तेव्हा कुठे रकाना आला आणि शारीरिक चाचणीचे नियम २८ फेब्रुवारी २०२३ पर्यंत करण्याचे सरकारने कबूल केले.

वस्तुतः तृतीयपंथीयांच्या समान हक्कांचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजीच दिला होता. सरकारी नोकरीत आरक्षण द्यावे, असेही त्यात बजावले होते. २०१९ च्या कायद्याने नोकरीतील भेदभावास मनाई केली. तरीही रकान्यास आठ वर्षांहून अधिक काळ लागला.

पोलिसाचे काम कष्टाचे. तेथे सवलत कशी चालेल, असा आक्षेप घेतला जातो. परंतु येथे मागितली जाते ती सवलत नव्हे, तर मोजमापाचा आधी जाहीर झालेला निकष. तो नसला की काय होते, हे तमिळनाडूत दिसले. प्रितिका याशिनी यांचा अर्ज प्रथम नाकारला गेला. पुढे धावण्याच्या चाचणीत सेकंदाभराच्या फरकाने त्यांना वगळण्यात आले. दोन्ही वेळा मद्रास उच्च न्यायालयाने दार उघडले आणि २०१७ मध्ये त्या उपनिरीक्षक म्हणून रुजू झाल्या. छत्तीसगडने २०२१ मध्ये १३ तृतीयपंथीयांची शिपाई म्हणून निवड केली. कर्नाटकाने त्याच वर्षी सरकारी नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षण दिले. इच्छा असेल तर मार्ग निघतो, याचा याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

इंग्रजी राजवटीने १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यान्वये याच समाजातील माणसांची नोंदवही ठेवण्याचा अधिकार सरकारी यंत्रणेला दिला होता. त्यांच्याकडे संशयाने पाहण्याची सवय कायदा गेला तरी गेली नाही. ती मोडण्याचा सर्वांत सरळ उपाय म्हणजे त्यांच्यापैकी काहींच्या अंगावर तोच गणवेश चढणे. त्यासाठी केवळ रकाना पुरेसा नाही. निकष, आरक्षण आणि प्रशिक्षण केंद्रातील निवासाची व्यवस्था ही भरतीच्या जाहिरातीतच स्पष्ट असली पाहिजे. प्रत्येक उमेदवाराने न्यायालयाची पायरी चढल्यावाचून मैदानात उतरता येऊ नये, ही स्थिती कोणत्याही सरकारला शोभणारी नाही.