कुंडीतल्या गाजराला फाटे का फुटतात? दोष हाताचा नाही, सल्ल्याचा

हवेत गारवा आला की गच्ची-बाल्कनीतल्या बागांमध्ये गाजराची पेरणी सुरू होते. दोन-अडीच महिन्यांनी वर हिरवागार, भरघोस पाला दिसतो. उपटून पाहिले की हाती येते करंगळीएवढे, केसाळ, दोन-तीन पायांचे मूळ. ‘आपल्या हवेत गाजर होत नाही’ असे म्हणून ती कुंडी पुढच्या वर्षी गुलाबाला दिली जाते. गाजराची पुंगी वाजली नाही, तर निदान मोडून खाता येते म्हणतात. इथे तेवढेही हाती लागत नाही.

हा निष्कर्ष चुकीचा आहे. बहुतेक घरांत गाजर बिघडते, कारण त्याला टोमॅटोसारखे वाढवले जाते. आधी रोप तयार करायचे, मग छोट्या कुंडीत लावायचे आणि दर पंधरा दिवसांनी खत घालायचे. फळभाजीला हे मानवते, कारण तिचे खायचे ते सगळे जमिनीच्या वर येते. गाजराचे खायचे ते जमिनीखाली असते. त्याला लाड नकोत, मोकळी जागा हवी.

रोप लावले तर काय बिघडते?

बी रुजल्यावर गाजर आधी आपले सोटमूळ सरळ खाली पाठवते. पहिल्या काही आठवड्यांत मूळ लांबते, जाड होणे नंतरचे. म्हणजे गाजर किती लांब आणि किती सरळ होणार, हे पाला बोटभर असतानाच बरेचसे ठरलेले असते. त्या काळात मुळाच्या टोकाला धक्का लागला, खडा आडवा आला किंवा कुंडीचा तळ लागला, तर टोक थांबते आणि बाजूने फाटे फुटतात. ट्रेमधले रोप काढून दुसरीकडे लावताना नेमके हे टोकच दुखावते. म्हणून गाजराची तयार रोपे कोणी कितीही स्वस्त दिली तरी घेऊ नयेत. मुळा आणि बीट यांच्या शेजारी ती मांडलेली दिसतात. बीट पुनर्लागवड बऱ्यापैकी सोसते, गाजर सोसत नाही. ते जिथे वाढवायचे तिथेच पेरावे लागते.

कुंडी केवढी, माती कोणती?

खोली किमान 25 ते 30 सेंटीमीटर हवी. रुंदी कमी असली तरी चालेल. भाजीचा प्लॅस्टिकचा क्रेट, जाड पिशवी किंवा जुनी बादली चालते, फक्त तळाला पाणी जाण्यासाठी भोके हवीत. नर्सरीतली लाल माती एकटी भरली तर दोन आठवड्यांत विटेसारखी घट्ट होते. काळी माती ओली असताना चिकट आणि वाळली की भेगाळलेली. दोन्हींत मुळाचा जीव गुदमरतो. दोन भाग चाळलेली माती, एक भाग पूर्ण कुजलेले कंपोस्ट आणि एक भाग कोकोपीट किंवा जाडसर वाळू हे मिश्रण घरासाठी पुरेसे आहे. ओल्या मिश्रणात बोट मुळापर्यंत सहज घुसले पाहिजे, हीच त्याची परीक्षा. इमारतीच्या कामावरून उचललेली माती मात्र नको. तिच्यात खडी आणि सिमेंटचे तुकडे असतात.

इथे थोडा हिशेब. 60 सेंटीमीटर लांब, 30 रुंद आणि 30 खोल अशा क्रेटमध्ये 54 लिटर मिश्रण बसते. भिजल्यावर त्याचे वजन 60 किलोच्या आसपास किंवा जास्तही भरते. असे चार क्रेट म्हणजे तीन-चार माणसे कायमची बाल्कनीत उभी. जुन्या इमारतीत ते बाल्कनीच्या टोकाला न ठेवता भिंतीलगत ठेवावेत आणि कोकोपीटचे प्रमाण वाढवावे.

खत जास्त झाले तर बिघडले कुठे?

घरच्या बागेच्या सल्ल्यांमधला हा सर्वांत महागडा घोटाळा. ताजे किंवा अर्धवट कुजलेले शेणखत गाजराखाली घातले की मुळांना फाटे फुटतात. नत्र जास्त झाले की झाड पाल्यावर जोर देते आणि मुळावर केसासारखी तंतुमुळे येतात. म्हणजे तो भरघोस पाला हे यशाचे नव्हे, बिघाडाचे लक्षण असू शकते. युरियाची चिमूटसुद्धा टाकण्याची गरज नसते. मिश्रणात आधी घातलेले कंपोस्ट बहुतेक वेळा पुरते. आधीच्या पिकाला भरपूर खत दिलेली कुंडी असेल, तर त्याच मातीत नवे खत न घालता गाजर पेरणे उत्तम. खताच्या बाटल्यांवर होणारा खर्च वाचला तर तेवढ्यात एक खोल क्रेट येतो.

कोणते बी, कोणत्या महिन्यात?

गाजराची ढोबळ दोन घराणी आहेत. युरोपीय जातीची नारिंगी गाजरे, उदाहरणार्थ नान्टेस, गारव्यात चांगली पोसतात. देशी, म्हणजे आशियाई घराण्यातली लाल गाजरे उष्णता जास्त सोसतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या पुसा केसर आणि पुसा रुधिरा या हलव्याच्या लाल रंगाच्या जाती, पुसा असिता ही काळपट जांभळी, तर पुसा वृष्टी ही लवकरच्या, उष्ण-दमट पेरणीसाठीची. रंग उत्तम भरतो तो 15 ते 20 अंशांच्या आसपास. त्याहून बरीच जास्त गरमी असली की गाजर आखूड आणि फिकट राहते.

त्यामुळे नाशिक-पुण्याचा सल्ला मुंबई-रत्नागिरीला जसाच्या तसा लागू होत नाही. रात्री गार पडणाऱ्या भागात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नारिंगी गाजर पेरता येते. किनारपट्टीवर दुपार डिसेंबरातही तापते. तिथे देशी जात किंवा आखूड मुळाची जात घेणे शहाणपणाचे. महाबळेश्वरची गाजरे पाहून पनवेलच्या गच्चीवर तसलीच अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

खरी तक्रार इथेच आहे. ‘गाजर, बारमाही’ एवढेच छापलेल्या पाकिटाने जातही कळत नाही आणि हंगामही. पाकिटावर जातीचे नाव, उगवणशक्ती, चाचणीची तारीख आणि मुदत छापलेली नसेल, तर ते दुकानात परत ठेवावे. गाजराचे बी लवकर म्हातारे होते. दोन-तीन वर्षांनंतर त्याची उगवण झपाट्याने घटते. शेतकरी हे तपशील पाहिल्याशिवाय बी घेत नाही. गच्चीवरच्या ग्राहकाने तरी आंधळेपणाने का घ्यावे?

पेरल्यानंतर सर्वांत अवघड काम कोणते?

थांबणे, आणि नंतर उपटणे. बी अर्धा-एक सेंटीमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये. उगवण एक ते तीन आठवडे घेते. या काळात वरचा थर एकदाही वाळता कामा नये, म्हणून ओले गोणपाट झाकावे आणि पहिले कोंब दिसताच काढून घ्यावे. गाजराच्या ओळीत मधूनमधून मुळ्याचे बी टाकण्याची जुनी युक्ती छान आहे. मुळा चार-पाच दिवसांत उगवून ओळ दाखवतो आणि गाजर पोसू लागण्याआधी खायलाही मिळतो.

रोपे बोटभर झाली की विरळणी. दोन रोपांत पाच ते सात सेंटीमीटर अंतर राहील इतकी काढून टाकावी लागतात. हाताने लावलेली निरोगी रोपे उपटायला जीव होत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण दाटीवाटीत एकही गाजर पोसत नाही. शेजारच्या मुळांना धक्का नको म्हणून ती ओढण्याऐवजी कात्रीने कापावीत. पाला कोथिंबिरीच्या कुळातला, कोवळा असताना पराठ्यात किंवा डाळीत घालता येतो.

पुढे पाणी नेमाने, पण कुंडीत साचणार नाही असे. चार दिवस कोरडे आणि पाचव्या दिवशी बदलीभर, असे केले की गाजर उभे तडकते. मुळाचा खांदा मातीबाहेर दिसू लागला तर माती ओढून झाकावा, नाहीतर तो उन्हाने हिरवा आणि कडवट होतो. ऊन रोज सहा तास तरी हवे. उपटलेल्या मुळांवर गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमींचे काम. त्या मातीत पुढच्या हंगामात गाजर नको.

पैसे वाचतात का?

फारसे नाहीत. वर सांगितलेल्या क्रेटमध्ये तीन ओळींत तीसेक गाजरे बसतात. प्रत्येकी 70 ग्रॅम धरली तर दोन किलो. ऐन हिवाळ्यात एवढी गाजरे बाजारात स्वस्तात मिळतात. बचतीसाठी गाजर लावा असे सांगणारा दिशाभूल करतो. मिळते ते वेगळे: आपण काय फवारले हे माहीत असलेली भाजी, आणि उपटल्यापासून दहा मिनिटांत ताटात आलेले कुरकुरीत गाजर.

साधारण 90 ते 110 दिवसांत काढणी येते. सगळी एकदम काढायची गरज नाही. थंडी असेपर्यंत ती मातीतच चांगली राहतात. फेब्रुवारीत ऊन वाढू लागले की मात्र उरलेली उपटून घ्यावीत, नाहीतर आतला दांडा लाकडासारखा होतो.