गोळी दुकानात, हक्क कागदावर!

सकाळच्या लोकलमधून सीवूड्स-दारावे स्टेशनवर उतरणारी गर्दी पाहिली म्हणजे हे शहर कोणाच्या श्रमावर उभे आहे ते कळते. स्टेशनच्या डोक्यावर चकचकीत मॉल, पलीकडे पाम बीच रोडचे टॉवर आणि त्या टॉवरांत धुणीभांडी करणाऱ्या बाया, बारा-बारा तास उभे राहणारे सुरक्षारक्षक, ठेकेदाराकडचे सफाई कामगार. यांत आपला शोषित, वंचित समाज मोठ्या संख्येने आहे. या कष्टकऱ्यांपैकी कित्येकांच्या डब्याच्या पिशवीत भाकरीबरोबर आणखी एक वस्तू असते. ती म्हणजे कात्रीने अर्धी कापलेली गोळ्यांची पट्टी. कोणी तिला ‘झोपेची गोळी’ म्हणते, कोणी ‘टेन्शनची गोळी’. ती लिहून देणारा डॉक्टर कोण, असे विचारले तर उत्तर मिळते, "डॉक्टर कसला? मेडिकलवाल्याने दिली."

ही गोळी पिशवीत कशी येते हे समजून घेतले पाहिजे. एके रात्री अचानक छातीत धडधड सुरू होते, घाम फुटतो, श्वास कोंडतो, आता आपण मरणार असे वाटते. घरचे लोक रिक्षात घालून दवाखान्यात नेतात. कार्डिओग्राम निघतो, तो चांगला येतो. "काही नाही, गॅस आहे, टेन्शन घेऊ नका," एवढे सांगून रुग्णाला घरी पाठवतात. वैद्यकशास्त्रात याला पॅनिक अटॅक म्हणतात. छातीत दुखले तर आधी हृदयाचीच तपासणी झाली पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण तपासणी चांगली आली म्हणजे आजार नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. जीव घाबरा होणे हे सोंग नाही, नाटक नाही आणि बाहेरची बाधा तर मुळीच नाही. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहे.

हा उपचार दोन प्रकारच्या औषधांनी होतो आणि त्यांतला फरक आपल्या माणसांना कोणी समजावून सांगत नाही. पहिला प्रकार अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम यांसारख्या गोळ्यांचा. या गोळ्या तासाभरात धडधड शांत करतात. म्हणूनच त्या धोक्याच्या आहेत. काही आठवडे रोज घेतल्या तर शरीराला त्यांची सवय लागू शकते, तेवढ्याच आरामासाठी डोस वाढवावासा वाटतो आणि एकदम बंद केल्या तर आधीपेक्षा जास्त घबराट, झोप उडणे, प्रसंगी फिट येणे असे परिणाम होतात. दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावून जीवही जाऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 साली या संपूर्ण गटाच्या औषधांवर व्यसन आणि अवलंबित्वाचा ठळक इशारा छापणे बंधनकारक केले.

दुसरा प्रकार एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन यांसारख्या औषधांचा. ती लगेच काम करीत नाहीत. गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात. सुरुवातीला मळमळते, अस्वस्थताही थोडी वाढते. बरे वाटल्यावरही कित्येक महिने ती चालू ठेवावी लागतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी लागतात. पण आजार आटोक्यात ठेवण्याचे काम मुख्यतः हीच औषधे करतात आणि त्यांच्या जोडीला समुपदेशन लागते. आता प्रश्न असा की, पहिल्या आठवड्यात मळमळ झाली तेव्हा "घाबरू नका, गोळी सोडू नका" असे सांगणारा डॉक्टर कोणाला परवडतो? टॉवरमधल्या साहेबाला परवडतो. त्याच्या घरची फरशी पुसणाऱ्या बाईला परवडत नाही. म्हणून साहेबाला उपचार मिळतो आणि बाईला फक्त गुंगी मिळते. एकाच आजाराचे असे दोन वर्ग पडले आहेत.

कायदा याबाबत काय म्हणतो? या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. अल्प्राझोलाम, डायझेपाम ही औषधे 2014 सालापासून ‘शेड्यूल एच-1’ या यादीत आहेत. दुकानदाराने डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव आणि विकलेल्या गोळ्यांची संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपून ठेवायची असते. हा नियम पाळला गेला असता तर अर्धी पट्टी पिशवीत आलीच नसती. पण केवळ दुकानांवर धाडी घाला, एवढीच मागणी करून आपण थांबलो तर तीही आपल्याच माणसाच्या मुळावर येईल. दोन वर्षे रोज गोळी घेणाऱ्याची गोळी एका दिवसात बंद झाली तर त्याला फिट येईल, तो पुन्हा बाबा-बुवाच्या दारात जाईल किंवा दारूच्या गुत्त्यावर जाईल. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी सरकारी दवाखान्यात डॉक्टर बसवा, मग दुकानाच्या खिडकीवर पहारा ठेवा.

आणि डॉक्टर बसवणे ही सरकारची मेहेरबानी नाही. संसदेने 2017 साली मानसिक आरोग्यसेवा कायदा केला आणि 29 मे 2018 पासून तो लागू झाला. त्याचे कलम 18 प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ केले पाहिजे. सरकारने चालवलेल्या किंवा सरकारी पैशावर चाललेल्या सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क आहे आणि त्यात जात, वर्ग, लिंग, धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही, असे हे कलम सांगते. सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत अत्यावश्यक यादीतील औषधे मानसिक रुग्णाला मोफत मिळाली पाहिजेत, असे सांगते. जिल्ह्यात किमान सेवा उपलब्ध नसेल तर रुग्णाने दुसरीकडे घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने द्यावा, असेही सांगते. ‘जात’ हा शब्द या कायद्यात स्पष्टपणे लिहिलेला आहे. तरीही आपल्या किती वस्त्यांत या कायद्यावर एक सभा झाली?

सरकारी आकडेही बोलके आहेत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात 10.6 टक्के प्रौढ व्यक्तींना त्या वेळी मानसिक आजार असल्याचे आढळले आणि बहुतेक आजारांत 70 टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचाराविनाच होते. त्या 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हता. स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या या राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत : ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. ठाण्याचे तर 1901 सालचे. सीवूड्स ठाणे जिल्ह्यातच येते. पण रोजंदारीवरच्या माणसाने धडधडीच्या तक्रारीसाठी दिवसाची मजुरी बुडवून ठाण्याच्या मनोरुग्णालयात जावे, अशी अपेक्षा करणे हा क्रूर विनोद आहे. शिवाय ‘ठाण्याला नेले’ या दोन शब्दांना आपल्या भाषेत काय अर्थ आहे, हे सर्वांना माहीत आहे. हा उपचार घराजवळ, साध्या तापाच्या रुग्णांच्या रांगेतच मिळाला पाहिजे.

काही मंडळी म्हणतील, आमच्या माणसाचे दुःख जातीचे आहे, गरिबीचे आहे, ते गोळीने कसे जाणार? हा प्रश्न खरा आहे. 22 मे 2019 रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातील तरुण डॉक्टरने जीवन संपवले. वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप तिच्या कुटुंबाने केला आणि गुन्हा दाखल झाला. ज्या इमारतीत औषधांचा तुटवडा नव्हता तिथे हे घडले. छळाची तक्रार वेळीच ऐकणे हे काम कोणतीही गोळी करू शकत नाही. जातीच्या छळाला ‘तुझे मनच कमकुवत आहे’ असे म्हणून चिठ्ठी हातात देणे हा अन्यायावर घातलेला पडदा आहे.

पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कारण सामाजिक आहे म्हणून वेदना शरीरात होत नाही असे नाही. गिरणीच्या धुळीने झालेल्या खोकल्यालाही औषध लागतेच. औषध घेऊन उभा राहिलेला माणूसच मालकाला जाब विचारू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 च्या निकालात मानसिक आरोग्य हा संविधानाच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांत समुपदेशक असावा आणि अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी अशा वंचित घटकांतील विद्यार्थ्यांशी संवेदनशीलतेने वागण्याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यावे, असेही निर्देश दिले. नेरूळ-सीवूड्सच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे निर्देश आपापल्या प्राचार्यांच्या टेबलावर ठेवले पाहिजेत.

एक गोष्ट घरातल्या घरात बोलायची आहे. "गोळ्या सोड, ध्यान कर, सगळे ठीक होईल," असे सांगणारे आपल्यातही आहेत. ध्यानाला कोणाचाच विरोध नाही. पण तथागत बुद्धांनी सर्वसंगपरित्याग केलेल्या भिक्खूसाठी ज्या चार गरजा मान्य केल्या त्या चीवर, भिक्षान्न, निवारा आणि औषध या होत. औषध हा दुबळेपणा असता तर त्या यादीत त्याला जागाच मिळाली नसती. दुःख आहे, त्याला कारण आहे आणि ते दूर करण्याचा मार्ग आहे, असे सांगणाऱ्या धम्माचे अनुयायी असलेल्या आपण आजार लपवायचा नाही, त्याचे कारण शोधायचे आणि उपचार करायचे. अंगारा, उतारा, गंडेदोरे आपण 1956 सालीच सोडले आहेत, ते मागच्या दाराने परत येऊ देऊ नयेत.

म्हणून काम साधे आहे. नवी मुंबई महानगरपालिकेच्या वाशी, नेरूळ, ऐरोली येथील रुग्णालयांत मानसोपचार तज्ज्ञ आठवड्यातून किती दिवस बसतात, एस्सिटालोप्राम औषध खिडकीवर मोफत मिळते का, समुपदेशकाची पदे किती आणि भरलेली किती, हे माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तर येईल ते बुद्ध विहाराच्या फलकावर लावा. त्याशेजारी 14416 हा टेलिमानसचा क्रमांक लिहा. ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेल्या या सरकारी सेवेत फोनवर मोफत समुपदेशन मिळते. ज्यांच्या पिशवीत ती अर्धी पट्टी आहे त्यांना हिणवू नका आणि ती हिसकावूनही घेऊ नका. त्यांचा हात धरून डॉक्टरकडे न्या. गोळी किती, कधीपर्यंत आणि कशी कमी करायची, हे सांगणारी चिठ्ठी त्यांच्या हाती पडली पाहिजे. साहेबाच्या खिशात असते तशीच चिठ्ठी त्या बाईच्या पदराच्या गाठीला असणे, हाही समतेचाच लढा आहे. जय भीम!