क्विझ कुणाची, प्रश्न कुणाचे?

क्विझ चांगली झाली की नाही, हे कसं ठरवायचं? आयोजक म्हणतात, संघ किती आले ते बघा. शाळा म्हणते, आपला नंबर आला का ते बघा. माझं मोजमाप जरा वेगळं आहे. उत्तर जाहीर झाल्यावर ज्यांना ते आलं नव्हतं, त्या पोरांच्या तोंडून काय निघतं ते ऐकायचं. "अर्रर्र, हे तर यायलाच पाहिजे होतं!" असं आलं की समजायचं, प्रश्न जमला. काहीच आलं नाही तर प्रश्न वाया गेला.

हे सुचायचं कारण म्हणजे बारामती आणि इंदापूर तालुक्यातल्या शाळांची एक छोटी क्विझ. मी मूळचा त्याच भागातला, नोकरीला हिंजवडीत. गेली दोन वर्षं विकांताला जाऊन तिथे जमेल तशी मदत करतोय. पहिल्या वर्षी सगळे प्रश्न शहरातून तयार मिळाले होते. कंपन्यांचे लोगो, जाहिरातींतली वाक्यं, हॉलिवूडचे सिनेमे, कुणी कुठली कंपनी विकत घेतली वगैरे वगैरे. प्रश्न चुकीचे नव्हते. पुण्यातल्या एखाद्या इंग्रजी शाळेत धडाधड हात वर झाले असते. इथे हॉलमध्ये नुसता पंख्यांचा आवाज! नंतर चहाच्या वेळी नववीतल्या एका मुलीने विचारलं, "दादा, हे सगळं कुठल्या पुस्तकात असतं?"

आता काय सांगणार? हे पुस्तकात नसतंच, घरात असतं. घरी इंग्रजी पेपर येत असेल, एखादा काका कंपनीत असेल, तर जेवता जेवता कानावर पडतं. त्या मुलीला मात्र वाटलं की आपला अभ्यास कमी पडला.

तसा आपल्याकडे हा खेळ वाढलाच शहरात आणि इंग्रजीत. 1967 साली कोलकात्यात नील ओब्रायन यांनी खुली क्विझ सुरू केली. मग रेडिओवर बोर्नव्हिटा क्विझ आली, 1985 मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचं 'क्विझ टाइम' आलं. 2000 साली 'कौन बनेगा करोडपती' हिंदीत आलं आणि खेळ एकदम घराघरात शिरला. पुढे 2019 मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या एका शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे तिथे एक कोटी जिंकल्या. त्याच 2000 साली टीसीएस आणि कर्नाटक सरकारने रूरल आयटी क्विझ सुरू केली. ती महापालिकांच्या हद्दीबाहेरच्या शाळांसाठी होती आणि नंतर इतर राज्यांतही गेली. आपल्या बारामती आणि इंदापूरला नगरपरिषदा आहेत, म्हणजे अशा नियमात दोन्ही गावं बसतात. नियम मला मनापासून आवडतो. पण खेळायला कोण बसणार एवढंच नियमाने ठरतं. प्रश्न कुणाच्या बाजूने काढायचे, ते प्रश्न काढणाऱ्याच्या हातात राहतं.

दुसऱ्या वर्षी आम्ही तिघाचौघांनी बसून प्रश्न घरीच काढले. त्यातले दोन सांगतो.

पहिला: "2024 च्या उन्हाळ्यात पेपरात बातमी होती, उजनी वजा 50 टक्क्यांच्याही खाली. धरणात वजा पाणी कसं असेल?" उजनीचं 'वजा' इंदापूरच्या प्रत्येक पोराने पारावर ऐकलेलं असतं. पण ते वजा म्हणजे नक्की काय, हे विचारलेलं कुणी नसतं. उजनीचा उपयुक्त साठा साधारण साडेत्रेपन्न टीएमसी, आणि त्याच्या खालचा मृतसाठा त्याहून मोठा, त्रेसष्ट टीएमसीच्या वर. टक्केवारी मोजतात ती फक्त उपयुक्त साठ्यावर. तो संपला की शून्य, आणि मृतसाठ्यातलं पाणी वापरायला लागलं की वजा. तीनच संघांना जमलं. पण उत्तर सांगितल्यावर जो गलका झाला, तो पंख्यांच्या वर ऐकू आला!

दुसरा: "बारामतीत राहून गेलेल्या मोरोपंतांनी एक 'निरोष्ठ रामायण' रचलं, म्हणजे ओठाला ओठ न लावता म्हणता येईल असं. मग त्यात कोणतं नाव येऊच शकणार नाही?" अख्खा हॉल प, फ, ब, भ, म पुटपुटत ओठ हलवून बघायला लागला. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "राम!" अहो, म म्हणताना ओठ मिटतातच ना! रामायण, आणि त्यात राम हा शब्दच नाही. ज्यांनी मोरोपंतांची एक आर्या वाचलेली नव्हती, त्यांनाही या उत्तरापर्यंत चालत जाता आलं. चांगला प्रश्न मी यालाच म्हणतो. माहीत नसलेल्यालाही त्यात शिरायला वाट असते.

यावर एका गुरुजींनी रास्त शंका काढली. "सगळं गावाकडचंच विचारलं तर पोरं बाहेरच्या स्पर्धेत मार खातील." मुद्दा बरोबर आहे. म्हणून दार गावातलं ठेवायचं, खोली मोठी ठेवायची. उजनीच्या प्रश्नात जे लागतं ते टक्केवारीचं गणित. निरोष्ठ रामायणानंतर आम्ही लगेच जॉर्ज पेरेकवर गेलो. या फ्रेंच लेखकाने 1969 साली 'ई' हे अक्षर एकदाही न वापरता अख्खी कादंबरी लिहिली. आता तो पॅरिसचा लेखक पोरांना परका वाटला नाही, मोरोपंतांच्या जातकुळीतला वाटला. आयटीच्या फेरीतही तेच. 2025 च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे सत्या नडेला शेतीतल्या एआयचं उदाहरण म्हणून ज्या ऊस शेतकऱ्यांबद्दल बोलले, ते बारामतीचे. तिथून उपग्रह, सेन्सर, डेटा, कुठेही जाता येतं.

आणि पोरांच्या तक्रारी? होत्या ना. पण प्रश्न अवघड असल्याची एकही नव्हती. तक्रार होती क्रमाची. "त्यांना सोपा आला, आम्हाला अवघड." अगदी खरं आहे. पाळीपाळीने प्रश्न आणि मग 'पास' या पद्धतीत नशिबाचा भाग फार. यावर उपाय स्वस्त आहे. प्रत्येक संघाला एक पाटी द्यायची, सगळ्यांनी एकाच वेळी लिहायचं, एकाच वेळी वर करायचं. हे सुचवलंही एका आठवीतल्या खेळाडूनेच :-)

दुसरी तक्रार जास्त बोचरी होती. "उत्तर सांगता, पण का ते सांगत नाही." पाहुण्यांचे सत्कार लांबले की आयोजक आधी काय कापतात? स्पष्टीकरणाची दोन मिनिटं. शाल-श्रीफळ कधी कापलेलं ऐकलंय? मी चौथी-सातवीच्या स्कॉलरशिपला बसलो होतो. निकाल महिन्यांनी आला, आकडा कळला, पण कुठला प्रश्न का चुकला ते आजतागायत कळलेलं नाही. क्विझमध्ये ते एका मिनिटात कळू शकतं. परीक्षेपेक्षा क्विझचं मोठेपण असेल तर ते यात आहे. तेच कापायचं असेल तर क्विझ घ्यायचीच कशाला?

मला हे एवढं लागण्याचं कारण ऑफिसात दिसतं. आमच्या भागातून आलेली, कोडमध्ये पक्की असलेली मुलं मीटिंगमध्ये गप्प बसतात. चर्चा चालू असते ती आपल्यासाठी नाहीच, असं त्यांनी कधीतरी ठरवून टाकलेलं असतं. ते एका दिवसात ठरत नाही. नववीत अशा हॉलमध्ये सलग वीस प्रश्नांना गप्प बसलं की त्याची सुरुवात होते. आणि उलटही होतं. ओठ हलवून हलवून 'राम' शोधून काढणाऱ्या पोराला एवढं नक्की कळतं की माहीत नसलं तरी विचार करता येतो, आणि तो मोठ्याने बोलून दाखवता येतो.

तेव्हा मंडळी, तुमच्या तालुक्यात क्विझ होत असेल तर बक्षिसाच्या पैशांबरोबर पाच प्रश्नही द्या. तुमच्या नदीचे, कारखान्याचे, एसटी स्टँडचे. नमुना म्हणून पुढच्या वर्षीचा एक इथेच देतो: इंदापूर तालुक्यातलं कुठलं जुनं मंदिर भरपूर पाऊस झाला की दिसेनासं होतं आणि दुष्काळ पडला की दिसायला लागतं?

उत्तर सांगत नाही. उजनीच्या बाजूने विचार करा.