धक्का कोणाला बसला?

पुण्याजवळच्या बालेवाडी क्रीडासंकुलात ७ जानेवारी २०२० रोजी महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली, तेव्हा आदल्या स्पर्धेचा विजेता बाला रफिक शेख मैदानात नव्हता आणि त्याच्याही आधीचा विजेता अभिजित कटके नव्हता. गदा या दोघांपैकीच एकाच्या खांद्यावर जाणार, असे बहुतेकांनी गृहीत धरले होते. ते दोघेही वाटेतच बाद झाले आणि समोरासमोर उभे राहिले नाशिकचा हर्षवर्धन सदगीर व लातूरचा शैलेश शेळके. हर्षवर्धनने ३-२ अशा निसटत्या फरकाने कुस्ती जिंकली. त्यानंतर जे घडले ते मात्र गुणफलकावर मांडता येण्याजोगे नव्हते. जिंकलेल्या मल्लाने हरलेल्या मल्लाला खांद्यावर उचलून घेतले. आपला पैलवान एका गुणाने हरला याचे दुःख करावे, की हरूनही तो विजेत्याच्या खांद्यावर बसला याचा अभिमान बाळगावा, असा पेच लातूरकर शौकिनांपुढे पडावा, असेच ते दृश्य होते.

दोघेही एकाच तालमीतले, एकाच वस्तादांचे पठ्ठे. कात्रजच्या बाजूला काका पवारांचे जे कुस्ती संकुल आहे, तेथे वर्षानुवर्षे दोघांनी एकाच मातीत घाम गाळला होता. हे ज्यांना ठाऊक होते त्यांना ना निकालाचे आश्चर्य वाटले, ना खांद्यावर घेण्याचे. इतरांच्या दृष्टीने मात्र निकाल ‘धक्कादायक’ होता.

हा शब्द क्रीडाविषयक लेखनात फार सैलपणे वापरला जातो. दुबळा समजला गेलेला खेळाडू किंवा संघ अजिंक्यपद पटकावतो, तेव्हा चाहत्यांच्या आनंदाला पारावार राहत नाही. या आनंदात वावगे काहीच नाही. सामान्य माणसाला स्वतःच्या जीवनात बलाढ्यांशी रोजच सामना करावा लागतो आणि बहुधा तो हरतोच. म्हणून दुसरा कोणी दुबळा जिंकला की त्याला आपलाच विजय झाल्यासारखे वाटते. २००४ साली लिस्बनमध्ये ग्रीसच्या फुटबॉल संघाने यजमान पोर्तुगालला १-० असे हरवून युरोपचे अजिंक्यपद मिळविले. तोपर्यंत कोणत्याही मोठ्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत ग्रीसने एकही सामना जिंकला नव्हता. त्या रात्री ज्यांचा ग्रीसशी काडीचाही संबंध नव्हता, असे लोकही जगभर दूरचित्रवाणीसमोर टाळ्या पिटत होते. पण याच ग्रीसने त्याच स्पर्धेच्या पहिल्या सामन्यात पोर्तुगालला हरविले होते आणि पुढे फ्रान्स व झेक संघांनाही घरी पाठविले होते. अंतिम सामन्याच्या दिवशी ज्यांना धक्का बसला, त्यांनी आधीचे तीन आठवडे डोळे मिटले होते, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या देशातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण याहून बोलके आहे. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाला २-१ असे नमवून आयएफए शिल्ड जिंकली. अकरापैकी दहा खेळाडू अनवाणी खेळत होते. आधी एक गोल अंगावर घेऊन कर्णधार शिवदास भादुरी यांनी बरोबरी साधली आणि अभिलाष घोष यांनी विजयी गोल केला. हजारोंच्या गर्दीत मागे उभ्या असलेल्यांना मैदान दिसत नव्हते, म्हणून पतंग उडवून त्यांना गोलांची वार्ता दिली जात होती. वंगभंगाची जखम ओली असताना मिळालेला तो विजय केवळ खेळातला राहिला नाही, हे उघडच आहे. मात्र या आनंदकथेत दोन तपशील सहसा सांगितले जात नाहीत. पहिला असा की, मोहन बागान हा काही त्या सकाळी जन्माला आलेला संघ नव्हता. १८८९ साली स्थापन झालेल्या या क्लबने १९०६ ते १९०८ अशी सलग तीन वर्षे ट्रेड्स कप जिंकला होता. दुसरा तपशील अधिक बोचरा आहे. हीच शिल्ड मोहन बागानने पुन्हा जिंकली ती थेट १९४७ साली. मधली छत्तीस वर्षे जल्लोषाची आठवण होती, शिल्ड नव्हती.

मराठवाड्यात फुटबॉलला तेवढा जनाधार नाही. येथील शौकीन कुस्तीचा. (तसे दोन्ही खेळ एकमेकांना परके नाहीत. कोल्हापुरात आजही पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल या तालमींच्याच नावाने फुटबॉलचे संघ मैदानात उतरतात.) नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा असो वा लातूरच्या सिद्धेश्वराची, कुस्त्यांच्या फडाशिवाय ती पुरी होत नाही. नारळावरच्या पोरसवदा जोडीपासून मोठ्या इनामाच्या शेवटच्या कुस्तीपर्यंत हलगीच्या तालावर दिवसभर उन्हात बसणारा हा प्रेक्षक जाणता आहे. त्याला डाव कळतो, ढाक कळते, घिस्सा कळतो, आणि नुरा कुस्ती तर फार लवकर कळते. प्रश्न त्याच्या जाणतेपणाचा नाही. प्रश्न असा आहे की, त्याचे हे प्रेम फडाच्या दोरीपाशीच का थांबते?

लातूर जिल्ह्यातील निलंगा तालुक्यात रामलिंग मुदगड नावाचे गाव आहे. हरिश्चंद्र बिराजदार तेथले. १९६९ साली ते महाराष्ट्र केसरी झाले. १९७० च्या एडिंबरो राष्ट्रकुल स्पर्धेत भारताला मिळालेली पाचही सुवर्णपदके कुस्तीतली होती आणि त्यांतील एक बिराजदारांचे होते. तरीही आज साठी उलटलेल्या शौकिनांना विचारले, तर ते एडिंबरोचे नाव घेणार नाहीत, बेळगावचे घेतील. १९७७ साली बेळगावात बिराजदारांची कुस्ती दिल्लीच्या सतपालशी ठरली. गुरू हनुमानांचा हा तरुण, धिप्पाड शिष्य पुढे १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. बिराजदारांच्या महाराष्ट्र केसरीला तेव्हा आठ वर्षे उलटून गेली होती. पैलवानाच्या आयुष्यात आठ वर्षे म्हणजे एक पिढीच. पारडे सतपालचे जड होते. ती कुस्ती बिराजदारांनी मारली आणि ती कुस्तीतली दंतकथा होऊन बसली.

दंतकथा येथे संपते. बिराजदारांचे खरे कर्तृत्व मात्र येथून पुढचे आहे. मानधनाच्या कुस्त्या आणि सत्कार यांवर उर्वरित आयुष्य काढणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत पोरे घडवायला घेतली आणि सगळ्या तालमीचे ते ‘मामा’ झाले. लातूर जिल्ह्यातलेच काका पवार त्यांच्या हाताखाली तयार झाले आणि १९९८ च्या अर्जुन पुरस्कारापर्यंत पोहोचले. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे हा मामांचाच पठ्ठा. २०११ साली मामा निवर्तले, तेव्हा काका पवारांनी त्याला पुढे सांभाळले. राहुलने २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक. त्याच काकांच्या आखाड्यातून २०२० च्या जानेवारीत शैलेश शेळके गदेपासून एका गुणाच्या अंतरावर पोहोचला. निलंग्याच्या एका गावातून निघालेली ही ओळ पन्नास वर्षांची आहे. तिला ‘अनपेक्षित’ म्हणणे हा त्या पन्नास वर्षांचा अवमान होय.

परंतु या ओळीतील एक गोष्ट मराठवाड्याने प्रांजळपणे पाहिली पाहिजे. माणसे सगळी आपली आणि तालीम पुण्यातली. ‘लातूरचा’ शैलेश घडला तो पुण्यात. नांदेडची कथा तर याहूनही विचित्र आहे. दोन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला शिवराज राक्षे नांदेड जिल्ह्याच्या नावाने मैदानात उतरत आला. तो मूळचा पुणे जिल्ह्यातील राजगुरुनगरचा, आणि तालीम पुन्हा काका पवारांचीच. म्हणजे लातूरचा मुलगा शिकायला पुण्यास जातो आणि नांदेडला नाव पुण्याच्या मुलाकडून मिळते. यात त्या मल्लाचा किंवा वस्तादांचा काही दोष नाही. नियमांच्या चौकटीत असे प्रतिनिधित्व होत असते. पण गदा नांदेडच्या नावावर लागली म्हणून गुलाल उधळणाऱ्याने क्षणभर थांबून आपल्या तालुक्याच्या गावी मॅट अंथरलेली एक तरी जागा आहे का, हे पाहायला हवे.

याच राक्षेच्या वाट्याला २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरमध्ये दुसरी बाजू आली. गादी विभागाच्या लढतीत पृथ्वीराज मोहोळने त्याला चीत केल्याचा निर्णय पंचांनी दिला. राक्षेला तो मान्य नव्हता. खांदे टेकले होते की नाही यावर गावोगावच्या कट्ट्यांवर पुढे कित्येक दिवस वाद रंगला, आणि निर्णय तपासून पाहण्याची मागणी अगदीच गैर होती असे म्हणता येणार नाही. पण त्याने पंचांना लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. त्याच स्पर्धेच्या अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडही मैदान सोडून निघून गेला आणि त्याच्यावरही तेवढीच बंदी आली. त्या दिवशी प्रथमच महाराष्ट्र केसरी झालेल्या मोहोळच्या विजयाची चर्चा कोणी केलीच नाही. पाच वर्षांपूर्वी बालेवाडीत एक मल्ल प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर बसला होता. प्रेक्षकांनी त्याही दिवशी आरोळ्या ठोकल्या आणि याही दिवशी ठोकल्या. चाहत्यांच्या आरोळीला विवेक जोडणे हे कोणा पंचाचे काम नव्हे.

सत्कार करण्यात आपला समाज कधीच कमी पडला नाही. १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतलेल्या खाशाबा जाधवांची कराडमध्ये दीडशेच्या वर बैलगाड्यांतून मिरवणूक निघाली होती. त्याच खाशाबांना जाण्यासाठी पैसे जमवताना दारोदार फिरावे लागले होते आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्यासाठी स्वतःचे घर गहाण ठेवले होते. १९८४ मध्ये खाशाबा अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. मिरवणुकीतल्या बैलगाड्या आणि गहाण पडलेले घर यांतील कोणते प्रेम अधिक खरे, हे सांगण्याची गरज नाही.

मराठवाडा गरीब आहे, दुष्काळी आहे, हे उत्तर या ठिकाणी हमखास पुढे येते. त्यात तथ्य आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. ज्या घरात पाणी रेल्वेने येते, त्या घराने वाढत्या वयाच्या पैलवानाला रोजचे दूध, तूप, बदाम कोठून द्यावेत? खुराकाचा खर्च हा शेतकरी बापाच्या उरावरचा धोंडाच असतो, आणि अनेक चांगली पोरे मातीतून बाहेर पडतात ती दुखापतीने नव्हे, या खर्चाने.

तथापि, याच लातूरने एका क्षेत्रात प्रवाह उलटा फिरवून दाखविला आहे. दहावी-बारावीच्या आणि पुढे वैद्यकीय-अभियांत्रिकी प्रवेशाच्या परीक्षांत ‘लातूर पॅटर्न’ने जे यश मिळविले, त्यानंतर पुण्या-मुंबईची तोंडे पाहणारी मुले थांबली. उलट बाहेरच्या जिल्ह्यांतून हजारो मुले लातुरात आणि आता नांदेडातही येऊन राहतात, खानावळींत जेवतात, अभ्यासिकांत रात्री जागवतात. त्या पद्धतीत पाठांतराचा अतिरेक आहे, मैदाने ओस पडली आहेत, हे आक्षेप खरे आहेत आणि त्यांचा विचार स्वतंत्रपणे व्हायला हवा. पण दुष्काळ तेव्हाही होता, दारिद्र्य तेव्हाही होते. काही शिक्षकांनी ठरविले, संस्थाचालकांनी साथ दिली आणि पालकांनी विश्वास टाकला. शिकवणीसाठी शेतीचा तुकडा विकणारा पालक ज्या जिल्ह्यात आहे, तेथे वीस मुलांच्या खुराकाचा भार उचलणारे गाव मिळू नये, हे पटण्यासारखे नाही.

आणि हे केवळ कुस्तीपुरते नाही. नांदेड जिल्ह्यातील भाग्यश्री जाधव टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत सातवी आली होती. तिचे नाव घरोघरी पोहोचले ते ऑगस्ट २०२४ मध्ये, पॅरिसच्या उद्घाटन सोहळ्यात भारताचा ध्वज तिच्या हाती आला तेव्हा. तेथे ती पाचवी आली. सातवरून पाचवर येण्यासाठी तीन वर्षांत तिने काय केले, कोठे सराव केला, हे विचारणारे कितीजण निघाले असतील?

माळेगावच्या फडात आजही दहा-बारा वर्षांची पोरे नारळावर झुंजतात. त्यांतला एखादा चपळ पोरगा आपल्याहून थोराड गड्याला पाठीवर टाकतो, बघे उठून उभे राहतात, कोणी खिशातली नोट काढून त्याच्या हातावर ठेवतो. चार-पाच वर्षांनी तोच पोरगा पुन्हा फडात येतो, तेव्हा ध्वनिक्षेपकावरून त्याच्या नावाबरोबर तालमीचे नाव पुकारले जाते. ते पुण्याचे असते, नाहीतर कोल्हापूरचे.