झिजलेल्या पिनेचा उपकार

वडिलार्जित दुनळी बंदूक खंडेनवमीस पूजेंत मांडावी आणि पुन्हां कपाटांत ठेवावी, एवढाच तिचा उपयोग आमच्या घरीं उरला होता. शेताच्या राखणीसाठीं चिरंजीवांनीं ती एकदां बाहेर काढली, तों दोन्ही नळ्या मुक्या! अर्धा मिनिट नळ्यांचें तोंड निर्धोक दिशेस धरून, मग काडतुसें काढून पाहिलीं. टोपीवर नुसता उथळ ओरखडा. पिना झिजल्या होत्या. "खिळा घासून बसवूं," असें चिरंजीव म्हणाले. आम्हीं तें साफ नाकारलें.

घोडा पडतांच पिन काडतुसाच्या टोपीवर आघात करते. टोंक बोथट झालें तर टोपी पेटत नाहीं; फार लांब वा अणकुचीदार असलें तर टोपी फुटून तप्त वायु नेम धरणाराच्या तोंडावर येतो. पिन बाहेरच अडकून राहिली, तर बंदूक मिटतांनाच बार उडण्याचें भय. शिवाय जुन्या विलायती बंदुकींच्या पिना कानशीनें एकेक जुळवून बसवीत. एकीची दुसरीस येईलच असें नाहीं. १९५९ च्या शस्त्रकायद्यान्वयें दुरुस्तीचा परवानाही निराळा लागतो. बाळगण्याचा परवाना त्यास पुरत नाहीं.

म्हणून परवानाधारक कारागिराकडे गेलों. त्यानें पिनेआधीं नळ्या पाहिल्या. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून केलेल्या त्या डमास्कस नळ्या. बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचे ठसे केवळ काळ्या दारूचे. काडतुसाचें घर अडीच इंचांचें, आणि आमचीं काडतुसें पावणेतीन इंचांचीं, धूररहित दारूचीं! उडण्यापूर्वीं मिटलेलें काडतूस आंखूड असतें, म्हणून तें आंत सहज बसतें; उडतांना उलगडलेलें तोंड पुढच्या अरुंद भागांत शिरतें आणि दाब वाढतो. पिना धड असत्या, तर नळी फाटून चिरंजीवांचा डावा हात जाण्याचा संभव होता.

ज्या दोषावर आम्ही चिडलों, त्यानेंच मुलाचें रक्षण केलें. नव्या पिना आम्हीं बसविल्या नाहींत. मुकी बंदूकही कायद्यानें बंदूकच, म्हणून परवाना मात्र चालू ठेविला आहे.

ज्यांच्या घरीं असें जुनें शस्त्र असेल, त्यांनीं पिनेची चौकशी करण्यापूर्वीं नळीची करावी, एवढेंच सांगणें.